तिहेरी उडीतलं पदक आणि प्रशिक्षकाचं काम

प्रश्न विचारणाऱ्याने आपली माहिती मोकळेपणाने दिली आहे, म्हणून उत्तरही तसंच देते. वय 27, तिहेरी उडीत सर्वोत्तम कामगिरी 15.90 मीटरच्या आसपास, विद्यापीठात आणि राज्यात सुवर्ण, खेळाडू कोट्यातून सरकारी नोकरी. टेक-ऑफच्या पायाचा, म्हणजे ज्या पायावर उडी सुरू होते त्याचा, घोटा दोन वर्षांपासून दुखतोय. प्रश्न असा: "आता उडी थांबवून प्रशिक्षक व्हावं का? एनआयएसचा (पटियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) डिप्लोमा पुरेसा होईल का? आणि माझी पदकं या कामात किती उपयोगी पडतील?"

मी स्वतः लांब उडीतली. गेली बरीच वर्षं पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ग्राउंडवर लांब उडी आणि तिहेरी उडीची मुलं-मुली तयार करते. त्यामुळे पुढचं सगळं त्या ग्राउंडवरून दिसलेलं आहे. शहरातल्या मोठ्या अकादमीत किंवा सैन्यदलाच्या केंद्रात काही गोष्टी वेगळ्या असू शकतील.

तुमचे प्रश्न तीन दिसतात, पण अडचण त्यांच्या मागे आहे. तुम्ही पुढे लिहिलंय, "मी 16 मीटरच्या जवळ गेलोय, म्हणजे 14 मारणाऱ्या पोराला सहज शिकवेन." माझ्या मते अडचण नेमकी या वाक्यात आहे. चांगल्या खेळाडूला उडी शरीराने कळलेली असते. तिहेरी उडीचे तीन टप्पे: हॉप (त्याच पायावर पडणं), स्टेप (दुसऱ्या पायावर पडणं) आणि जम्प (वाळूत शेवटची उडी). स्टेपमध्ये तू काय करतोस असं विचारलं तर तो म्हणतो, "गुडघा वर ठेवतो." व्हिडिओ लावला की दिसतं, गुडघा मुद्दाम वर ठेवण्याआधीच त्याचा पाय खाली मागे ओढत आलेला असतो आणि गुडघा त्या ओढीमुळे वर गेलेला असतो. हे त्याला माहीतच नसतं, कारण त्याला ते कधी माहीत करून घ्यावं लागलेलं नसतं. मग तो पोराला "गुडघा वर, गुडघा वर" सांगत राहतो आणि पोर हवेत गुडघा धरून ताठ होतं. पदक तुम्हाला ग्राउंडवर मान देईल, पालक विश्वास ठेवतील, पहिली दहा पोरं गोळा होतील. तिथून पुढे पदक काही करत नाही.

याचा अर्थ चॅम्पियन चांगला प्रशिक्षक होत नाही असा मुळीच नाही. आपल्या देशातलं सगळ्यात ठळक उदाहरण तुमच्याच उडीतलं आहे. रॉबर्ट बॉबी जॉर्ज हे केरळच्या कण्णूर जिल्ह्यातले, व्हॉलीबॉलपटू जिमी जॉर्ज यांचे भाऊ आणि तिहेरी उडीतले माजी राष्ट्रीय विजेते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी स्वतःची कारकीर्द बाजूला ठेवली आणि अंजू मार्कोस (आजची अंजू बॉबी जॉर्ज) या एका खेळाडूवर काम सुरू केलं. पुढे त्यांचं लग्नही झालं. अंजू त्या काळी तिहेरी उडीही मारत होती, राष्ट्रीय विक्रमही तिने केला होता. बॉबींचा हात तिहेरी उडीत बसलेला. तरीही जोर दिला तो लांब उडीवर. विचार करून बघा, हे किती अवघड आहे. आपल्याला जे उत्तम येतं ते सोडून, समोरच्याला जे जमेल त्याचा अभ्यास करायचा. 2003 मध्ये पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत अंजूने 6.70 मीटरवर कांस्य घेतलं. जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेतलं ते भारताचं पहिलं पदक. पुढच्या वर्षी अथेन्स ऑलिम्पिकमध्ये तिने मारलेली 6.83 मीटरची उडी आजही राष्ट्रीय विक्रम म्हणून उभी आहे. बॉबींना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

त्यांच्या कामातली मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. पॅरिसच्या आधी ते अंजूला घेऊन अमेरिकेत माइक पॉवेलकडे गेले होते. पॉवेल म्हणजे 1991 साली टोकियोत 8.95 मीटर उडी मारून विश्वविक्रम करणारा माणूस. आपला खेळाडू दुसऱ्याच्या हाताखाली काही काळ द्यायचा, बाजूला उभं राहून शिकायचं आणि परत येऊन ते आपल्या पद्धतीत बसवायचं, हे करायला मन मोठं लागतं. आपल्याकडे "माझा खेळाडू दुसऱ्या सरांशी बोलला" यावरून वर्षानुवर्षं अबोला धरलेले प्रशिक्षक मी पाहिले आहेत. नुकसान नेहमी मुलांचं होतं. बॉबींनी नंतर झाशीहून आलेल्या शैली सिंगला बंगळुरूत घडवलं. 2021 मध्ये नैरोबीच्या 20 वर्षांखालील जागतिक स्पर्धेत तिने 6.59 मीटरवर रौप्य मिळवलं, सुवर्ण एका सेंटिमीटरने हुकलं. म्हणजे एका खेळाडूपुरतं जमलेलं ते गणित नव्हतं.

उलट दिशेचं उदाहरणही आहे. क्युबाचा इव्हान पेद्रोसो हा लांब उडीतला, सिडनी 2000 चा ऑलिम्पिक विजेता. प्रशिक्षक झाल्यावर मात्र त्याने घडवलेल्यांत तिहेरी उडीचे खेळाडू आघाडीवर आहेत. व्हेनेझुएलाच्या युलिमार रोहासने त्याच्याच हाताखाली टोकियो ऑलिम्पिकमध्ये 15.67 आणि 2022 मध्ये बेलग्रेडला 15.74 मीटरची उडी मारली. याच पेद्रोसोकडे फ्रान्सचा टेडी टॅमगो होता आणि टॅमगोची गोष्ट तुमच्या घोट्याच्या संदर्भात नीट वाचण्यासारखी आहे.

2011 मध्ये टॅमगोने पॅरिसला 17.92 मीटरचा इनडोअर विश्वविक्रम केला. त्यानंतर घोटा गेला. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा आणि लंडन ऑलिम्पिक दोन्ही हुकलं. 2013 मध्ये परतला आणि मॉस्कोत शेवटच्या उडीत 18.04 मीटर मारून जगज्जेता झाला. त्याच वर्षाअखेर नडगीचं हाड मोडलं, पुढे टाचेची शीर तुटली, रिओच्या आधी पुन्हा मोठी दुखापत. इतका मोठा खेळाडू ऑलिम्पिकमध्ये कधी उतरलाच नाही. मग तो प्रशिक्षक झाला आणि त्याच्याकडे आला बुर्किना फासोचा ह्यूग फाब्रिस झांगो, फ्रान्समध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगमध्ये संशोधन करणारा मुलगा. जानेवारी 2021 मध्ये झांगोने 18.07 मीटर मारून इनडोअर विश्वविक्रम मोडला. तो विक्रम होता स्वतः टॅमगोचा. त्याच वर्षी टोकियोत झांगोने कांस्य घेतलं, बुर्किना फासोचं ते पहिलं ऑलिम्पिक पदक. 2023 मध्ये बुडापेस्टला तो जगज्जेता झाला.

ज्याचं शरीर इतक्यांदा मोडलं, त्याच्या शिष्याने वर्षामागून वर्षं मोठ्या स्पर्धांत पदकं घ्यावीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तुमचा घोटा तुम्ही फक्त "कारकीर्द संपवणारी गोष्ट" म्हणून बघताय. प्रशिक्षक म्हणून तो तुमचं पहिलं पुस्तक आहे. तो कधी दुखायला लागला, त्या आधीच्या तीन महिन्यांत सराव कसा होता, कोणत्या पृष्ठभागावर होता, शूज कोणते होते, झोप किती होती, हे सगळं आठवून लिहून काढा. 15 वर्षांच्या मुलाचा कार्यक्रम आखताना एखाद्या परदेशी वेळापत्रकापेक्षा ही वही जास्त कामाला येईल.

आता तंत्राबद्दल, कारण खेळाडू प्रशिक्षक होताना अडतो तो इथेच. तिहेरी उडीत हॉप, स्टेप आणि जम्प यांचं प्रमाण प्रत्येकाचं वेगळं असतं. जोनाथन एडवर्ड्सची 1995 ची गोटेनबर्गची 18.29 मीटरची उडी मोजली गेली तेव्हा हॉप साधारण 6.05, स्टेप 5.22 आणि जम्प 7.02 मीटर निघाली. म्हणजे शेवटची उडी सर्वात मोठी. अंगकाठी सडपातळ, वेग भरपूर, हॉप अगदी सपाट. तळ्यावर चपटा दगड मारून पोरं भाकऱ्या काढतात तसा तो जमिनीला शिवत गेला. पण ज्याच्या मांड्यांत ताकद जास्त आणि वेग मध्यम, त्याला हे प्रमाण जसंच्या तसं दिलं तर त्याची ताकद वापरलीच जात नाही. त्याच्यासाठी हॉप मोठा ठेवणं योग्य असू शकतं. तुम्ही स्वतः हॉपवर भर देणारे असाल तर नकळत सगळ्या पोरांना तेच शिकवाल. ख्रिश्चन टेलरचं उदाहरण यापुढे जाणारं आहे. गुडघ्याच्या त्रासामुळे त्याने टेक-ऑफचा पायच बदलला, डाव्याऐवजी उजवा, आणि 2015 मध्ये बीजिंगला 18.21 मीटर मारली. ऑलिम्पिक विजेत्या खेळाडूला दुसऱ्या पायावर उडी पुन्हा उभी करावी लागते, तेव्हा प्रशिक्षकाकडे तयार साचा असून चालत नाही.

मी सराव घेताना बोर्डापाशी, म्हणजे उडी जिथून सुरू होते त्या फळीपाशी, उभी राहत नाही. पाय बोर्डावर पडला, की पुढे जाऊन फाऊल झाला, हे कोणीही सांगू शकतं. मी हॉप संपून पाय जिथे पडतो त्या जागेसमोर, रनवेपासून थोडी लांब, खाली बसते. तिथे दोन गोष्टी कळतात. एक, पाय कमरेच्या किती पुढे पडतोय. फार पुढे पडला तर तो ब्रेक आहे, पुढची स्टेप मेलीच. दुसरी गोष्ट कानाने कळते. पाऊल सपाट पडलं की एकच भरीव "थप्प" येतो. "टक-थप" असे दोन आवाज आले तर टाच आधी लागली. मग तिन्ही पावलांमधलं अंतर ऐकायचं. नवख्या पोराचा ताल लांब, आखूड, लांब असा येतो, स्टेप नुसती ओलांडलेली असते. अशा वेळी "स्टेप मोठी कर" सांगून काहीही होत नाही. हॉप कमी करावा लागतो.

दोन मुलांचं सांगते. एक मुलगा कबड्डीतून आलेला, बुटका, मांड्या भक्कम. हॉप इतका उंच मारायचा की बघणारे टाळ्या वाजवायचे आणि खाली येताना गुडघा वाकून स्टेप बसायची. त्याचा रनअप आठ पावलांवर आणला, हॉप कुठे पडायला हवा तिथे गवतावर पट्टी ठेवली आणि ती पट्टी त्याच्या सवयीपेक्षा जवळ ठेवली. त्याला ते अपमानास्पद वाटलं. काही आठवड्यांनी स्टेप उभी राहिली, एकूण उडी वाढली, तेव्हा कुठे तो पट्टीशी भांडायचा थांबला. त्याच वेळी हर्डल्समधून आलेली एक उंच, हडकुळी मुलगी होती. तिचा हॉप मुळातच सपाट होता. तिच्या हॉपला मी हातही लावला नाही, फक्त शेवटच्या उडीपर्यंत वेग टिकेल एवढं बघितलं. दोघांना एकच ड्रिल दिलं असतं तर एकाचं तरी नुकसान झालं असतं.

मुलांच्या भाराबद्दल मी जरा जास्त बोलते, कारण इथे मला खरोखर चिंता वाटते. हॉपनंतर एका पायावर शरीराच्या वजनाच्या दहापटीहून अधिक जोर क्षणभर येतो. वाढीच्या वयात, जेव्हा हाड लांब होतंय आणि शीर ताणलेली आहे, तेव्हा हा जोर टाचेवर, नडगीवर आणि गुडघ्याखाली बसतो. तरीही आठवी-नववीच्या पोरांना शालेय स्पर्धेच्या आधी दोन-तीन आठवडे रोज पूर्ण रनअपने उड्या मारायला लावतात. दहावीचे क्रीडागुण, शाळेचं नाव, पालकांची घाई, कारणं खूप असतात. त्यात हल्ली व्हिडिओ बघून उंच खोक्यांवरून खाली उडी मारून पुढे उसळायचे व्यायाम पोरांना देतात. तो व्यायाम पायाची वर्षानुवर्षं तयारी झालेल्या प्रौढ खेळाडूसाठी आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला धावणं, हर्डल्स, लांब उडी, दोरीवरच्या उड्या आणि गवतावरचं हलकं बाउंडिंग (लांब ढांगांच्या उसळत्या उड्या) द्या. दोन्ही पायांवर. किती उड्या झाल्या यापेक्षा पाय जमिनीवर किती वेळा आदळले ते मोजा आणि वहीत लिहा. पिटमधली वाळू सरावाआधी फावड्याने उकरून घ्या, दगड-काचा बघा. हे काम शिपायावर सोडू नका.

आणि वयाचे दाखले. जिल्ह्यात काम सुरू केलंत की पहिल्या वर्षीच कोणीतरी एक वर्ष कमी करून द्यायला सांगेल. नाही म्हणा, पोर दुसऱ्याकडे गेलं तरी चालेल.

एनआयएसबद्दल. पटियाळ्याच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा एक वर्षाचा डिप्लोमा जरूर करा. सरकारी प्रशिक्षकाच्या जाहिरातींत तो बहुधा मागितला जातो आणि शरीरशास्त्र, बायोमेकॅनिक्स, सरावाचं नियोजन हे विषय तिथे शिस्तीत शिकायला मिळतात. वर्षाची रजा मिळत नसेल तर तिथला सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि जागतिक ॲथलेटिक्स संघटनेचे प्रशिक्षक अभ्यासक्रम हे मार्ग आहेत. वयाच्या आणि कामगिरीच्या अटी बदलत असतात, त्या वर्षीची जाहिरातच बघा. जिल्हा पातळीवर माजी खेळाडूंना प्रशिक्षक म्हणून घेऊन चालणारी खेलो इंडिया केंद्रंही आहेत, तिथे तुमची पदकं थेट कामाला येतील. पण "पुरेसं आहे का" याला माझं उत्तर नाही असंच आहे. डिप्लोमा घेऊन आलेले दोन जण माझ्यासमोर उभे राहिले तर मी त्यांना एकच विचारते: तुझ्या खेळाडूची गेल्या वर्षीची वही दाखव.

पैशाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायला हवं. व्हिक्टर सानेयेव हे तिहेरी उडीतलं फार मोठं नाव. 1968, 1972 आणि 1976 अशी लागोपाठ तीन ऑलिम्पिक सुवर्णं, 1980 मध्ये रौप्य. मेक्सिको सिटीत विश्वविक्रम एकाच स्पर्धेत पुन:पुन्हा तुटत होता आणि शेवटच्या फेरीत त्यांनी 17.39 मारून तो आपल्या नावावर केला. सोव्हिएत संघ कोसळल्यावर हा माणूस कुटुंबासह ऑस्ट्रेलियात गेला. प्रशिक्षकाचा करार संपल्यावर पदकं विकायचा विचार करण्यापर्यंत वेळ आली होती. पुढे शाळेत शारीरिक शिक्षणाचं काम मिळालं, मग न्यू साउथ वेल्सच्या क्रीडा संस्थेत उड्यांचा प्रशिक्षक म्हणून त्यांनी काम केलं. तीन सुवर्णं असलेल्याची ही कथा. तेव्हा तुमची नोकरी सोडू नका. आपल्याकडे कंत्राटी प्रशिक्षकाचं मानधन वेळेवर येईलच असं नाही आणि फीवर चालणारी अकादमी पावसाळ्यात रिकामी होते. नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ ग्राउंड करणारे अनेक उत्तम प्रशिक्षक महाराष्ट्रात आहेत. तुमच्या खात्याच्या संघाला उड्यांसाठी प्रशिक्षक हवा आहे का, तेही विचारून बघा.

उडी थांबवायची की नाही? इथे दोन गोष्टींवर अवलंबून आहे, घोट्यात नेमकं काय आहे आणि तुमचं मन किती भरलं आहे. आकड्यांच्या बाजूने स्पष्ट बोलायचं तर आज देशात वरच्या पायरीवर 17 मीटरची भाषा आहे. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत एल्डोस पॉलने 17.03 वर सुवर्ण आणि अब्दुल्ला अबूबकरने 17.02 वर रौप्य घेतलं, आणि 2023 मध्ये प्रवीण चित्रवेलने हवानात 17.37 मीटर मारून राष्ट्रीय विक्रम केला. 27 व्या वर्षी, दुखऱ्या घोट्यावर, एक मीटरहून जास्त वाढवणं मला शक्य कोटीतलं वाटत नाही. एखादा हंगाम आनंदाने खेळायचा असेल तर खेळा, पण क्रीडावैद्यक जाणणाऱ्या डॉक्टरांना दाखवून. घोट्यात इंजेक्शन घेऊन उतरायचा विचार असेल तर थांबा. 2022 पासून स्पर्धाकाळात कॉर्टिसोन जातीच्या सगळ्याच इंजेक्शनांवर बंदी आहे, सांध्यात दिलेलं असलं तरी. डॉक्टरांना तुम्ही उत्तेजक चाचणीच्या कक्षेत येणारे खेळाडू आहात हे आधी सांगा. प्रशिक्षक झाल्यावर हीच गोष्ट तुम्हाला पोरांना शिकवावी लागेल. 2014 मध्ये टॅमगोवर वर्षभराची बंदी आली ती तीन चाचण्या हुकल्यामुळे, कोणतंही औषध सापडलेलं नव्हतं.

या हंगामात एवढंच करा: तुमच्यासारखी अंगकाठी नसलेली दोन मुलं निवडा, शक्यतो एक मुलगी, आणि सहा महिने त्यांची वही ठेवा. त्यांच्या उड्यांचे व्हिडिओ काढताना मोबाइल कमरेच्या उंचीवर, स्टेपच्या जागेसमोर, स्लो मोशनवर आणि स्टँडवर ठेवा. हातात धरून फिरवू नका, तिन्ही पावलं एकाच चौकटीत दिसली पाहिजेत. असे दोन-तीन व्हिडिओ जमले की पोरांचे चेहरे झाकून इथेच टाका. सोबत मुलाचं वय, उंची, रनअपची पावलं आणि टेक-ऑफचा पाय लिहा, म्हणजे नेमकं कुठे बघायचं ते सांगता येईल.